मशीन गप्प कधी बसेल? : गुरुजींच्या रोजनिशीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

मृग लागला, पाऊस अजून नाही, त्यामुळे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईकही नाही. गुरुजींचं काम आजपासून हाती घेतलं. कुठे काय बदललं ते मीच विसरते, म्हणून या नोंदी.

गुरुजींनी मला दुसरी ते चौथी शिकवलं. १९९३ पासून रोज रात्री जेवण झालं की ते वहीत चार ओळी लिहायचे : पाऊस, पेरणी, कापसाचा भाव, गावात कोण आलं, कोण गेलं. त्या वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत. काचबिंदूनं नजर हळूहळू खाल्ली आणि तीन वर्षांपूर्वी वही थांबली. अलीकडे दोन महिने नातवाला सांगून त्याच्या फोनवर लिहून घेतलं. "मी सांगतो थे लिहीत नाही, त्याले वाटते थे लिहिते," ही तक्रार. पोराचंही चुकत नाही, त्याला आजोबांची वऱ्हाडी 'सुधारावीशी' वाटते.

फोनला बोलून लिहायला लावलं तेही पाहिलं. गुरुजी म्हणाले, "पऱ्हाटी कोमेजली." म्हणजे कापसाचं झाड. फोननं लिहिलं, 'मराठी कोमेजली'. मी वाचून दाखवलं तर हसले. "थेही खरंच हाय म्हना."

ब्रेलचा विषय मीच काढला आणि मीच मिटवला. सत्तरीतली, आयुष्यभर औत हाकलेली बोटं. टिंबं लागत नाहीत. मग माधानच्या गुलाबराव महाराजांवर गाडी गेली. तान्हेपणीच दृष्टी गेली तरी त्यांनी केवढे ग्रंथ रचले, हे गुरुजी शाळेत दर वर्षी सांगायचे. आज पुढचं वाक्य नवीन होतं : "त्यायच्याजवळ वाचाले आन लिहाले मानसं होते. मले एक पोट्टं सापडत नाही."

ठरलं असं. कीबोर्डवर गुरुजी स्वतः लिहितील, काय लिहिलं ते मशीन सांगेल. लॅपटॉप माझा जुना, २ जीबीचा, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली. मजकूर लिहायला ईमॅक्स हा एडिटर, त्याला बोलतं करणारा ईमॅकस्पीक, आणि आवाज एस्पीक-एनजीचा. सगळं फुकट, सगळं नेटशिवाय चालणारं. आमच्याकडे लाईट गेली की टॉवरही जातो, त्यामुळे ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी.

स्क्रीन रीडर का नाही, हे लिहून ठेवते, कारण यवतमाळची मैत्रीण तेच विचारत होती. स्क्रीन रीडर अख्खा संगणक वाचून दाखवतो. गुरुजींना संगणक नको, वही पाहिजे. दुसरं म्हणजे, स्क्रीन रीडर पडद्यावर जे दिसतं ते वाचतो. ईमॅकस्पीक एडिटरच्या आत बसलेला असतो, त्यामुळे आत्ता काय घडलं ते त्याला ठाऊक असतं. ओळ बदलली, शब्द पुसला, फाईल जतन झाली. ईमॅक्समधल्या आज्ञांभोवती त्यानं आपलं बोलणं गुंडाळलेलं आहे : आज्ञा पार पडली की लगेच तिचा निकाल बोलतो.

११ जून

पाऊस आला. पहिला, मातीच्या वासाचा. लाईट गेली, आली, गेली.

ईमॅकस्पीक सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधला. एस्पीकला जोडणारा त्याचा सर्व्हर टीसीएल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे. तिची पुरवणी टीसीएलएक्स आणि एस्पीकच्या डेव्हलपमेंट फाईली आधी टाकाव्या लागतात, हे दोन वेळा अडखळल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी पहिला शब्द लिहिला : कापूस. स्पीकरमधून इंग्रजी आवाजात आलं : "देवनागरी लेटर का, देवनागरी व्हॉवेल साइन आ, देवनागरी लेटर पा..." पाच चिन्हांची पाच नावं, आडनावासकट. गुरुजींच्या घरच्या काकू चुलीपासून ओरडल्या, "कोन आलं वो?"

१२ जून

कारण सापडलं. पुष्कळ आवाज-यंत्रांना इंग्रजीबाहेरची अक्षरं कळत नाहीत, म्हणून ईमॅकस्पीक अनोळखी अक्षराच्या जागी त्याचं युनिकोडमधलं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या प्रमाण यादीतलं) नाव पाठवतो. त्याच्या बाजूनं शहाणपणाचंच आहे. पण एस्पीकला मराठी येते, मध्यस्थ नको. डीटीके-युनिकोड-प्रोसेस-यूटीएफ-एट हे सेटिंग बंद केलं, आवाज मराठी केला, आणि मशीन 'कापूस' म्हणालं.

गुरुजी बराच वेळ ऐकत होते. "सर्दी झालेल्या तलाठ्यावानी बोलते."

बरोबर आहे. एस्पीकमध्ये कुणा माणसाचा आवाज भरलेला नाही. घशातून-तोंडातून ध्वनी कसा घुमतो याचं गणित करून तो तयार होतो. म्हणून सपाट, आणि म्हणूनच काही एमबीत मावतो. मूळचा वेग मिनिटाला १७५ शब्द. गुरुजींसाठी १२० वर आणला. '+एफ२' लावून बाईचा आवाजही ऐकवला. "नोको, तलाठीच राहू दे."

१६ जून

आज फक्त कीबोर्ड. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची बटणांची मांडणी.

मला धास्ती होती. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणं सगळ्यांना सोपं वाटतं, पण गुरुजींना ए-बी-सी-डीची जागाच माहीत नाही, तर दोन लिप्या का शिकवायच्या? इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एफ आणि जे या बटणांवर उंचवटे असतात, तिथं दोन्ही तर्जन्या टेकवल्या. डावीखाली पहिली वेलांटी, उजवीखाली 'र'. उजवीकडे सरकलं की 'क', मग 'त', मग 'च', मग 'ट'. शिफ्ट दाबलं की तीच बटणं 'ख', 'थ', 'छ', 'ठ' होतात.

गुरुजींचं बोट 'ट' वर थांबलं. शिफ्ट दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ट, ठ, ट, ठ. "म्हणजे ज्यानं हे बनवलं त्याले अल्पप्राण-महाप्राण ठाऊक होते." मग मला उलटतपासणी : द चा ध कुठं, ग चा घ कुठं. मीच दोनदा चुकले. हा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात आहे, म्हणजे माझ्या पहिलीच्याही आधीचा, आणि आमच्या शाळेत कुणी कधी दाखवला नाही.

एस्केपच्या बटणावर काकूंची टिकली चिकटवली, बोटाला लागावी म्हणून. घामानं तासाभरात निघाली. एम-सीलचा थेंब लावला.

१९ जून

माझी चूक. मराठी कीबोर्ड मी सिस्टिममध्येच लावला होता. लिहिणं नीट चाललं, पण ईमॅक्सच्या आज्ञा मेल्या : कंट्रोल-ई दाबलं की सिस्टिम त्याला कंट्रोल-काना समजते, आणि अशी आज्ञा कुठंच नाही. सिस्टिमचा कीबोर्ड परत इंग्रजी केला आणि ईमॅक्सची स्वतःची देवनागरी-इनस्क्रिप्ट पद्धत लावली. ती फक्त लिहिण्याच्या अक्षरांना हात लावते, कंट्रोलच्या जोड्या तशाच राहतात. चालू-बंद कंट्रोल-बॅकस्लॅशनं.

२० जून

गुरुजींचं पहिलं पूर्ण वाक्य, मी बाजूला बसून, अकरा मिनिटं : 'लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ झाला, मध्यमचा ७१२१.' कालच जाहीर झालेले कापसाचे भाव, सकाळच्या रेडिओवर ऐकलेले. मशीननं वाचून दाखवलं. "क्विंटलचा हाय, थे लिहाचं राहिलं."

२४ जून

आज रागावले. मशीनवर, पण ऐकलं मी.

पहिल्या दिवसापासून मी सगळं चालू ठेवलं होतं. अक्षर लिहिलं की अक्षर, शब्द संपला की शब्द, एंटर मारलं की ओळ, जतन केलं की फाईलचा अख्खा पत्ता. माझा हिशेब सोपा होता : दिसत नाही ना, मग जितकं ऐकू येईल तितकं चांगलं. 'स्त्री' लिहिलं की मशीन म्हणायचं : स, हलन्त, त, हलन्त, र, दुसरी वेलांटी. एका जोडाक्षराला सहा घोषणा, आणि मग पुन्हा 'स्त्री'.

"पोरी, फळ्यावर लिहिताना मी एकेक वेलांटी बोंबलत होतो काय?"

अक्षर-घोषणा बंद केली (कंट्रोल-ई डी, मग के). शब्दाची ठेवली. ओळीची बंद. पत्त्याऐवजी जतन झाल्याचा फक्त छोटा आवाज. ईमॅकस्पीकमध्ये असे खुणेचे आवाज आधीच आहेत.

मग मला हुशारी सुचली. अक्षरं बंद केली तर चुकलेलं बटण शब्द संपल्यावरच कळणार. म्हणून एक टायमर लिहिला : हात तीन सेकंद थांबला की अर्धवट शब्द आपोआप ऐकवायचा. मला फार आवडला होता. गुरुजींनी दहा मिनिटं सोसला.

"मी थांबलो म्हणजे इचार करून रायलो. आन हे मशीन बरोबर तवाच बोलते."

टायमर काढला. मी स्वतः टाइप करताना थांबते ती पडद्याकडे बघायला, म्हणून थांबणं म्हणजे अडकणं असं मी धरून चालले होते. आता नियम असा : मशीन आपणहून बोलेल ते फक्त गुरुजींनी काही केल्यावर. काही न करणं हे काही करणं नाही.

पुसताना मात्र बोलणं ठेवलं, आणि ते अडचणीचं निघालं. बाणाच्या बटणानं पुढे गेलं की ईमॅक्स अख्खं जोडाक्षर ओलांडतो. बॅकस्पेसनं मात्र एकेकच चिन्ह जातं. 'क्षे' वरून उजवीकडे एक उडी, पण पुसायला चार टप्पे : मात्रा, ष, हलन्त, क. कानाला हे आधी विचित्र वाटतं. गुरुजींना वाटलं नाही : "बरोबर हाय. भिंत मोडाची तं एकेक वीटच निघते."

२ जुलै

सध्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. एक रुपयातला पीक विमा आणि लाडकी बहीण, दोन्हीचे फॉर्म एकदम आले. रात्री नऊनंतरच गुरुजींकडे.

तक्रार : 'एक वाक्य वाच' म्हटलं की मशीन अख्खा परिच्छेद वाचतं. हे मला अर्ध्या मिनिटात समजलं आणि आनंद झाला, कारण असा सोपा दोष रोज मिळत नाही. ईमॅक्स मुळात असं समजतो की पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा असतात तेव्हाच वाक्य संपतं. जुन्या इंग्रजी टंकलेखनाची सवय. मराठीत एकच जागा सोडतो, त्यामुळे त्याच्या लेखी गुरुजींनी आजवर एकही वाक्य संपवलेलं नाही. एक सेटिंग 'नाही' केलं, झालं.

वेग १२० वरून १४०. त्यांनीच मागितला.

६ जुलै

दुपारी लिहिताना लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी नावापुरती आहे. लॅपटॉप गेला, मजकूर जतन केलेला नव्हता.

७ जुलै

मजकूर मिळाला. ईमॅक्स दर ३०० बटणांनी किंवा हात ३० सेकंद थांबला की बाजूच्या फाईलीत नक्कल ठेवतो. तीतून उचलला, शेवटची अर्धी ओळ गेली. गुरुजींना ती पाठ होती.

१३ जुलै

या प्रकल्पातलं खरं काम आजपासून सुरू झालं असं म्हणते.

गुरुजींनी लिहिलेला मजकूर मी डोळ्यांनी वाचला. 'पाणि' लिहिलं होतं, 'सुत' लिहिलं होतं, 'विहिर' होतं. ज्या माणसानं 'विहीर' साठी माझ्या तळहातावर छडी मारली, त्याचं. सांगावं की नाही, यात चहा संपला. सांगितलं.

गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, "मशीन पाणीच म्हणाले."

म्हणतंच ते. पाणि आणि पाणी, सुत आणि सूत, दिन आणि दीन. शाळेत या जोड्या आम्ही अर्थासकट घोकल्या. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कानाला फारसं उरत नाही, ते उरतं कागदावर. १९६२ चे लेखननियम 'शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ' असं सांगतात ते डोळ्यांसाठी. बोटाला डावी वेलांटी सापडली की उजवी, हे लिहिताना कळतं, पण एकदा चुकलं की ऐकून सापडायचा मार्ग नाही. म्हणजे मशीन वाचतं तेव्हा लेखन हरवतं, आणि मी इतके दिवस उच्चार नीट आहे यातच खूश होते.

अक्षर-घोषणा परत चालू करणं हा उपाय नव्हे. गुरुजींनीच उपाय सांगितला : "फोड. मी म्हटलं तवा शब्द फोडून सांग. शाळेत फोडत होतो तसा."

रात्री लिहिलं. कार्यक्रम म्हणावा असं काही नाही, ईमॅक्सच्या लिस्प भाषेतल्या तीसेक ओळी. चिन्ह आणि त्याचं नाव अशा जोड्यांची एक यादी. कर्सरखालचा शब्द उचलायचा, एकेका चिन्हाचं नाव घालायचं, मधे स्वल्पविराम टाकायचे आणि बोलायला पाठवायचं. स्वल्पविराम महत्त्वाचे, त्यांच्याशिवाय एस्पीक सगळं एका दमात म्हणतो. एफ-सात या बटणावर बसवलं. एस्केपसारखाच एम-सीलचा थेंब.

यादीतली नावं मी युनिकोडच्या धर्तीवर लिहिली होती : ऱ्हस्व इकार, दीर्घ इकार. गुरुजींनी एकेक बदलून घेतली. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी. पहिला उकार, दुसरा उकार. काना. मात्रा. काना मात्रा. काना दोन मात्रा. 'हलन्त' काढून 'पाय मोडला'. अनुस्वाराला टिंब. शेवटी एकच ठिकाणी अडलो : 'ऑ' चा चंद्र. त्यांच्या लहानपणी त्याला काय म्हणत ते त्यांना आठवेना. 'चंद्र'च ठेवलं.

एफ-सात. "प, काना, ण, पहिली वेलांटी." गुरुजींनी बॅकस्पेस मारला, "पहिली वेलांटी" ऐकलं, आर दाबलं, पुन्हा एफ-सात. "प, काना, ण, दुसरी वेलांटी."

मग त्यांनी मजकुरातला एकेक शब्द फोडला. अकरा वाजले. काकूंनी मला जेवायलाच बसवलं.

१७ जुलै

आषाढी. गुरुजींचा उपास, मशीनचाही. शेजारी भजन होतं, ऐकायला कान मोकळे पाहिजेत म्हणाले.

२८ जुलै

रोजच्या नोंदीवर तारीख पाहिजे, म्हणून ईमॅक्सचं कॅलेंडर उघडून दिलं. स्क्रीन रीडर आणि ईमॅकस्पीक यांतला फरक इथे एका झटक्यात कळतो. पडद्यावर कॅलेंडर म्हणजे चौकटीत मांडलेले आकडे. कर्सर २८ वर असेल तर पडद्यावर फक्त '२८' आहे, वार वरच्या रांगेत, महिना त्याच्याही वर. पडदा वाचणारा 'अठ्ठावीस' म्हणेल. ईमॅकस्पीक कॅलेंडरलाच विचारतो आणि वार, महिना, वर्ष सगळं सांगतो. ते मात्र इंग्रजीत येत होतं. वारांची आणि महिन्यांची नावं मराठीत भरून दिली.

हे ज्यांनी बनवलं ते स्वतःच अंध आहेत, हे मी आज सांगितलं. टी. व्ही. रमण, पुण्याचे. पुणे विद्यापीठात गणित, मग मुंबईची आयआयटी, १९९४ मध्ये कॉर्नेलची पीएचडी, आणि १९९५ मध्ये ईमॅकस्पीक बाहेर आला. गुरुजींनी विचारलं, नजर कशानं गेली? चौदाव्या वर्षी, काचबिंदूनं.

"काचबिंदूच?"

"हो."

पुढे काही बोलले नाहीत. पण वेग १६० करून घेतला.

जाता जाता : ईमॅक्सच्या कॅलेंडरात चिनी, हिब्रू, इस्लामी, पर्शियन आणि मायन तारखाही काढता येतात. आपलं पंचांग नाही. गुरुजींना नक्षत्रं पाहिजेत, रोजनिशीत 'पुष्य, तिसरा दिवस' असं लिहायची त्यांची सवय. "मेलेल्या मायन लोकायचं हाय आन आपलं नाही?" सूर्याची नक्षत्रं साधारण ठरलेल्या तारखांना बदलतात, त्यामुळे यंदाच्या पंचांगातून सत्तावीस तारखा उतरवून एक छोटी यादी केली. पुढच्या वर्षी पुन्हा तपासावी लागेल.

१० ऑगस्ट

गुरुजींनी जुन्या नोंदींत 'पऱ्हाटी' शोधलं. आपल्या हातच्या सापडल्या, नातवाच्या फोनवरून मी आणलेल्या एकाही नाही. मशीन वाचतं तेव्हा मात्र दोन्ही सारख्याच.

डोळ्यांनाही सारख्याच दिसतात, हीच गंमत. ऱ्ह मधला तो कोयत्यासारखा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो : नुक्त्याचा 'ऱ' आणि पाय मोडलेला, किंवा साधा 'र', पाय मोडलेला, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे नं पहिला येतो, नातवाच्या फोननं दुसरा दिला होता. शोधणाऱ्याला ते वेगळे शब्द. शेतकऱ्याचं, वऱ्हाडाचं, पऱ्हाटीचं, आमच्या सगळ्याच शब्दांचं असं होणार. नातवाच्या फाईलीतले सगळे एका प्रकारात बदलले आणि फाईल उघडताना आपोआप बदलतील अशी सोय लावली. एफ-सातच्या यादीत अदृश्य चिन्हाला नाव दिलं 'चोर'. कुठं राहिलाच तर सापडेल.

२१ ऑगस्ट

'कृउबास'. कृषी उत्पन्न बाजार समिती, गुरुजी वहीत वर्षानुवर्षं असंच लिहीत आले. एस्पीक ते एका घासात गिळतो. त्याच्या मराठी शब्दकोशाला स्वतःची पुरवणी जोडता येते : एमआर-एक्स्ट्रा नावाची फाईल, ओळीत डावीकडे शब्द, उजवीकडे त्याऐवजी काय म्हणायचं, शेवटी खूण; मग कोश पुन्हा कंपाइल. 'कृउबास' ला 'बाजार समिती' बसवलं. चाललं.

पुढच्याच ओळीत 'कृउबासमध्ये' होतं. नाही चाललं. कोश पूर्ण शब्द जुळवतो, आणि मराठीत शब्द एकटा कधी येतो? कृउबासला, कृउबासचा, कृउबासातून. इंग्रजीत एका ओळीत भागतं, इथे एका शब्दाला विभक्तीचा तक्ता. आठ रूपं घातली, कंटाळले, थांबले.

२ सप्टेंबर

पोळा. जतन झाल्याचा तो इंग्रजी 'टिंग' गुरुजींना पहिल्यापासून आवडत नव्हता. खुणेचे आवाज म्हणजे एका फोल्डरातल्या साध्या फाईली, बदलायला सोप्या. तोरणाखाली बैल उभे होते तेव्हा शेजारच्या जोडीची घुंगरमाळ फोनवर रेकॉर्ड केली.

पहिला प्रयोग फसला. चार सेकंदांची फाईल. जतन करावं आणि बैल दारातून जाईस्तोवर थांबावं. कापून अर्ध्या सेकंदाची केली. गुरुजींनी दोनदा ऐकली.

"ही लोखंडाची हाय. पितळेची नाही."

काकूंनी पेटी उघडली. वह्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली, विकलेल्या जोडीच्या गळ्यातली घंटा होती. तिचा एकच ठोका घेतला.

८ सप्टेंबर

गणपतीमुळे चार दिवस जमलं नव्हतं. आज गेले तेव्हा गुरुजी लिहीत होते. फाईलीत माझ्याशिवाय लिहिलेल्या पाच नोंदी. एकीत 'पऱ्हाटी बोंडावर आली', एकीत कोणाची तरी म्हैस व्याली. 'विहीर' बरोबर. एका ठिकाणी 'पानी' होतं. म्हटलं, गुरुजी, हा न राहिला.

"राहिला नाही, ठेवला. थे वाक्य काकूचं हाय, काकू पानीच म्हनते."

मग मी बॅटरीचं सांगायला लागले, यवतमाळला जुनी मिळेल, पुढच्या आठवड्यात जाणार आहे, तोवर चार्जर काढायचा नाही. बोटं उंचवट्यांवर तशीच ठेवून गुरुजींनी मान माझ्याकडे वळवली. "जरासक गप्प बस बाप्पा. वाक्य अर्धं रायलं."

बसले. बऱ्याच वेळानं घंटा वाजली.

बाकी : बॅटरी. कृउबासची उरलेली रूपं. १९९३ च्या वहीपासून जुना मजकूर कोण टाइप करणार हे ठरवणं. नातू तयार आहे, गुरुजी नाहीत.